कॉम्पॅक्टवरून डीएसएलआरवर आले आणि फोटो बिघडले: लेन्स खराब आहे की सेटिंग?

सोनकी_सातारा

२० एक्स झूमचा कॉम्पॅक्ट होता, १/२.३ इंची सेन्सरवाला. आता निकॉन डी३५०० आणि त्याच्यासोबतची १८-५५ एएफ-पी व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) लेन्स घेतली आहे. डायल ऑटोवर ठेवून दोनेकशे फोटो काढले, आणि जुनाच बरा होता म्हणायची वेळ आली आहे.

यवतेश्वरच्या बाजूला रानफुलांचे क्लोजअप घेतले. ५५ एमएम (फोकल लेन्थ), एफ ५.६ (लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर; आकडा मोठा तेवढं भोक लहान), १/६० (शटर किती सेकंद उघडं), आयएसओ २०० (उजेडाची संवेदनशीलता). फूल मऊ आणि मागची गवताची पाती कडक! काही वेळा बटण पूर्ण दाबूनही क्लिकच होत नाही.

चारभिंतीला सहा जणांचा ग्रुप: तिघं बसलेले, तिघं मागे उभे. ३५ एमएम, एफ ४.५, १/२००, आयएसओ १००, पुढच्या रांगेपासून अडीच मीटर. पुढचे तिघं स्पष्ट, मागच्यांच्या डोळ्यांना धार नाही.

रंग फिके वाटतात. धुक्यातले फोटो काळपट येतात. मागच्या स्क्रीनवर बघून काढायला गेलं तर फोकस लागायला इतका वेळ लागतो की फूल हलून जातं. आणि झूम? गावातून अजिंक्यताऱ्याचा बुरूज जवळ यायचा, आता नुसती टेकडी दिसते.

दुकानदार म्हणतो यूव्ही फिल्टर लावा आणि एक ५० एमएम १.८ घ्या, फरक पडेल. सप्टेंबरात कासला जायचं आहे. त्याआधी लेन्स बदलून घ्यावी का?

जांभा_कातळ

लेन्सला दोष देण्याआधी तुमच्या ग्रुपफोटोचा हिशेब करून बघू, कारण बाकी निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ मिमी रुंद. डी३५०० चा २३.५ मिमी. तेवढीच चौकट भरायला जिथे आता ३५ एमएम लागते, तिथे कॉम्पॅक्टला सव्वानऊ एमएम पुरत होती. फोकल लेन्थ इतकी आखूड असली की पुढचं-मागचं सगळं आपोआप स्पष्ट येतं. अडीच मीटरवर फोकस आणि एफ ४ धरलं तर कॉम्पॅक्टवर अंदाजे १.६ ते ६.२ मीटरपर्यंतचं सगळं खपून जातं. तुमच्या ३५ एमएम, एफ ४.५ ला तोच पट्टा २.१ ते ३.१ मीटर एवढाच उरतो. मागची रांग पाऊण मीटर मागे असणार, म्हणजे सव्वातीन मीटरवर. पट्ट्याच्या बाहेर. लेन्सने तिचं काम बरोबर केलं आहे.

एफ ८ करा. पट्टा १.९ ते ३.७ मीटर होतो आणि दोन्ही रांगा आत येतात. एफ ४.५ वरून एफ ८ म्हणजे उजेड साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला, तेव्हा १/२०० तसाच ठेवायचा तर आयएसओ १०० चा ३२० होईल. या कॅमेऱ्याला ते काहीच नाही. कॉम्पॅक्टवर आयएसओ ४०० च्या पुढे रांगोळी दिसायची ती भीती मनात असते, ती काढून टाका. इथे १६०० बिनधास्त, ३२०० चालवून घ्यायचं.

फुलांचं गणित याहून कडक आहे. अगदी जवळ गेल्यावर, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या तीन दशांश एवढं उमटत असताना, एफ ५.६ ला स्पष्ट पट्टा साधारण ३ मिमी जाडीचा असतो. एफ ८ ला साडेचार-पाच, एफ ११ ला सहाच्या आसपास. पुढची पाकळी धरली की मागची सुटते. त्यात कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने गवताची पात पकडली तर फूल गेलंच.

एफ १६, एफ २२ करून प्रश्न सुटेल असं वाटेल. सुटत नाही. २४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळ्याच फोटोची धार जायला लागते. त्यापेक्षा कोन बदला. सोनकीचं फूल वर तोंड करून असतं, ते बरोबर वरून घ्या म्हणजे सगळ्या पाकळ्या एका प्रतलात येतात. सीतेची आसवं बाजूला तोंड करून असतात, त्यांच्यासाठी कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो. सेन्सर आणि फुलाचं तोंड समांतर ठेवलं की तेच ४ मिमी पुरतात. डी३५०० चा स्क्रीन फिरत नाही, तेव्हा पोटावर झोपायची तयारी ठेवा. वाटेवरच झोपा. कासवर जांभ्यावरचा मातीचा थर अगदी पातळ आहे, एका कोपराखाली शंभर रोपं चिरडतात.

घाटवळण

वर थिअरी झाली, आता बोटं कुठे जातात ते सांगतो.

आधी चष्म्याचा नंबर. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी बारीक चाक आहे. डोळा लावायचा आणि आतले फोकस पॉइंट आणि खालचे आकडे कडक दिसेपर्यंत ते फिरवायचं. बाहेरच्या दृश्याकडे बघून फिरवू नका, आकड्यांकडे बघा. हे न केल्यामुळे कित्येक जण चांगल्या फोकसलाही बिघडलेला म्हणतात.

डायल ऑटोवरून ए वर. मग आय बटण दाबून फोकस मोड एएफ-एस (एकदा लागला की फोकस तिथेच थांबतो), एएफ एरिया सिंगल पॉइंट. ऑटोमध्ये कॅमेरा ११ पॉइंटपैकी स्वतः निवडतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जवळचं किंवा जास्त कॉन्ट्रास्टचं काहीतरी धरतो. गवतातल्या फुलाला म्हणूनच फटका बसला. सिंगल पॉइंट लावला की मागच्या गोल बटणाने पॉइंट फुलाच्या मध्यावर न्यायचा. मधला पॉइंट सर्वात भरवशाचा, कारण तो उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखतो, बाकीचे नाही. पण मधल्याने फोकस करून मग कॅमेरा हलवून चौकट बसवायची सवय फुलांसाठी सोडा. एवढ्या जवळून थोडं वळलात तरी ३ मिमी कधीच निसटले.

आता शटर. मेनू → शूटिंग मेनू → आयएसओ सेन्सिटिव्हिटी सेटिंग्ज. ऑटो आयएसओ ऑन, मॅक्सिमम ३२००, मिनिमम शटर स्पीड १/२५०. एवढं केलं की ए मोडमध्ये तुम्ही फक्त एफ आकडा निवडायचा, १/२५० च्या खाली जाण्याआधी कॅमेरा आयएसओ वाढवतो. तुमचा १/६० दोन कारणांनी मारला. ५५ एमएम गुणिले १.५ (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा क्रॉप) म्हणजे ८२, तेव्हा हाताच्या थरथरीसाठीच किमान १/८० हवा होता. ती थरथर व्हीआर सांभाळेलही, पण वाऱ्याने डोलणारं फूल व्हीआर कसं थांबवणार? पठारावर वारा थांबत नाही. १/२५० ही किमान, वारं असेल तर १/५००.

आणि हे फुकट मिळत नाही. तुमच्याच फोटोचं घ्या: एफ ५.६, १/६०, आयएसओ २००. एफ ८ आणि १/२५० केलं तर आयएसओ १६००. एफ ११ केलं तर थेट ३२००. म्हणून ढगाळ दिवशी एफ ८ वर थांबा.

क्लिक होत नाही ते बिघाडामुळे नाही. एएफ-एस मध्ये फोकस लागला नाही तर शटर सुटत नाही. ही लेन्स २५ सेंमीच्या आत फोकस करत नाही, आणि ते अंतर सेन्सरपासून मोजायचं. बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण आहे तिथून. ५५ एमएमला लेन्स बाहेर आलेली असते, त्यामुळे काचेपासून जेमतेम अर्धी वीत उरते. कॉम्पॅक्टच्या मॅक्रो मोडच्या सवयीने फुलाला काच टेकवायला गेलात तर कॅमेरा संपच करणार.

पकडही बदला. हात लांब करून स्क्रीनकडे बघायची सवय सोडा, डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगडीला, डोळा व्ह्यूफाइंडरला. लाइव्ह व्ह्यूमध्ये डी३५०० कॉन्ट्रास्ट बघून पुढे-मागे चाचपडत फोकस करतो, त्याचा वेग तेवढाच. व्ह्यूफाइंडरमधून वेगळी फोकस यंत्रणा चालते, ती झटक्यात धरते.

मिररलेस_वाला

२०१८ चा कॅमेरा आता कशाला घेतलात? परत करा आणि मिररलेस घ्या.

घाटवळण

स्पष्ट पट्ट्याच्या खोलीचा हिशेब मिररलेसवरही तोच राहतो, सेन्सर तेवढाच असेल तर. विचारलंय त्याचं उत्तर देऊ या.

कृष्णाकाठ_सांगली

मी कॅननवाला, पण तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच असतात. १५००डी वापरणारे कोणी वाचत असतील तर: वरचा ए म्हणजे आपला एव्ही, एएफ-एस म्हणजे वन शॉट, आणि क्रॉप १.५ ऐवजी १.६.

फिके रंग आणि काळपट फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिके रंग: कॉम्पॅक्ट आतल्या आत रंग, कॉन्ट्रास्ट आणि धार भरपूर चढवून देतो, मिसळीवर तर्री ओतल्यासारखं. डीएसएलआरचा स्टँडर्ड त्यामानाने बेताचा. पिक्चर कंट्रोलमध्ये जाऊन स्टँडर्डवरच शार्पनिंग एक-दोन घर आणि सॅच्युरेशन एक घर वर करा. व्हिव्हिड लावू नका, निदान तेरड्यासाठी तरी नाही. गुलाबी-लाल फुलात लाल चॅनल आधी भरून वाहतो आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होऊन सपाट गुलाबी ठिगळ उरतं. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) हे दिसत नाही. प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शन्समध्ये आरजीबी हिस्टोग्राम आणि हायलाइट्स दोन्हीवर टिक करा.

काळपट: मीटरला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं हवं असतं. चौकटभर धुकं असेल तर तो त्याला करडं करतो. शटरच्या मागचं अधिक-उणे बटण दाबून धरा आणि चाक फिरवून +०.७ किंवा +१ करा. पांढऱ्या गेंदाच्या फुलांनी चौकट भरली असेल तरी अधिकच. पण इथे लोक फसतात: गडद हिरव्या गवतात एकच गेंद असेल तर उलटं होतं. हिरवं उजळवायला जाऊन मीटर त्या गेंदाला जाळतो. तिथे -०.७. फोटो काढल्यावर लुकलुकणारा भाग फुलावर आला का बघायचं आणि त्याप्रमाणे एक घर इकडे-तिकडे.

व्ह्यूफाइंडरमध्ये काहीही उजळ किंवा काळं दिसणार नाही, तो नुसता आरसा आहे. कॉम्पॅक्टचा स्क्रीन फोटो कसा येणार ते आधी दाखवायचा. इथे काढून मग बघायचं. पहिले काही दिवस प्रत्येक जागी एक चाचणी फोटो, हिस्टोग्राम, मग खरा. आणि काम झालं की अधिक-उणे शून्यावर आणा, ए मोडमध्ये ते स्वतःहून परत जात नाही.

दुकानदाराच्या दोन्ही वस्तू तूर्त नकोत. स्वस्त यूव्ही फिल्टर म्हणजे चांगल्या काचेपुढे खिडकीची काच, उजेड समोरून आला की भुताटकीचे ठिपके. त्या पैशात हूड घ्या, पावसाचे थेंबही अडतात. ५० एमएमबद्दल सावध: निकॉनची १.८ दोन प्रकारांत येते, डी आणि जी. डी स्वस्त असते पण तिला बॉडीतली मोटर लागते, आणि ती डी३५०० मध्ये नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालणारच नाही. घ्यायचीच झाली तर जी. पण ग्रुपफोटोत खोली कमी पडते म्हणून रडणाऱ्याला १.८ ची लेन्स विकणं म्हणजे तहानलेल्याला फरसाण!

झूमचं सरळ आहे. २० एक्स म्हणजे २४ पासून धरलं तर ४८० एमएमइतकं. तुमची ५५ म्हणजे ८२ इतकी. सहापट फरक. त्यासाठी ७०-३०० लागेल, ती ४५० पर्यंत पोहोचते. मायणीला पक्षी बघायला जाणार असाल तर विचार करा. डीएक्स एएफ-पी ७०-३०० व्हीआर आणि बिनव्हीआर अशा दोन्ही मिळतात, दिसायला सारख्याच. लेन्सवर व्हीआर लिहिलंय ना ते वाचून पैसे द्या.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) आणि एम (सगळं हाताने) मोडच्या नादाला पहिले दोन महिने लागू नका. लोक एम ला मर्दुमकी समजतात. ए मोड, ऑटो आयएसओ आणि अधिक-उणे एवढ्यावर शंभरातले नव्वद फोटो निघतात.

जांभा_कातळ

एम बद्दल सहमत, रॉ बद्दल नाही. रॉ + जेपीईजी दोन्ही ठेवा. आज फक्त जेपीईजी बघा. पण कासचा हंगाम वर्षातून एकदाच येतो आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळवणी) चुकून सीतेची आसवं निळ्याऐवजी जांभळी आली तर रॉ मधून एका क्लिकवर सुधारतात. जेपीईजी मधून कितीही ओढा, निळं परत येत नाही. जागा खातात एवढंच.

आणि लेन्सची खरी परीक्षा, म्हणजे मनातली शंका जाईल. वर्तमानपत्र भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर, भिंतीपासून दीड मीटर, ५५ एमएम, एफ ५.६, दिवसा खिडकीजवळ, टायमर २ सेकंद. एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूने. प्रत्येक वेळी आधी लेन्सचा फोकस मुद्दाम बिघडवायचा. तीन-तीन जोड्या काढा. दोन्ही सारखे कडक आले तर लेन्स उत्तम. दोन्ही मऊ तर लेन्समध्ये दोष. लाइव्ह व्ह्यूचा कडक आणि व्ह्यूफाइंडरचा दरवेळी मऊ, तर बॉडीतली फोकस यंत्रणा आणि लेन्स यांचं जुळत नाही. महागड्या बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येतं, डी३५०० मध्ये ती सोय नाही, वॉरंटीत सर्व्हिसला द्यायचं.

सोनकी_सातारा

वर्तमानपत्राची परीक्षा केली. तीनही जोड्या सारख्या, अगदी छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा वाचता येतात. म्हणजे लेन्स सुटली.

ए मोड, सिंगल पॉइंट, एफ ८, १/२५० लावून परसातल्या तेरड्यावर प्रयोग केला. दहात सात कडक. गुलाबी खरंच सपाट येत होतं, -०.७ वर शिरा दिसल्या.

आता पुढचं दुखणं. फूल स्पष्ट आहे पण चौकटीत एवढंसं. जुना कॅमेरा एक सेंमीवर जाऊन तेच फूल चौकटभर करायचा. मग मॅक्रोसाठी डीएसएलआर मागे पडला म्हणायचं का? ऑनलाइन एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे लावायच्या तीन कड्यांचा सेट अगदी स्वस्तात दिसतोय, घेऊ का?

जांभा_कातळ

किट लेन्सपुरता, हो, मागे पडला. हे कबूल करायला लोकांना का जड जातं कळत नाही. तुमची १८-५५ जास्तीत जास्त ०.३८ पट मोठं करते. म्हणजे चौकटीत किमान ६ सेंमी बाय ४ सेंमी जागा येणारच. सीतेच्या आसवाचं फूल सेंटीमीटरभर, ते रुंदीच्या एक षष्ठांश. पण ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्या एका सेंटीमीटरला साडेनऊशेच्या वर पिक्सेल मिळतात. कापून घेतलं तर मोबाइलवर झकास, छापलं तर तीन इंचांपर्यंत ठीक.

जुना कॉम्पॅक्ट विकू नका. एक सेंमी मॅक्रो आणि सगळं खोलवर स्पष्ट, ही त्याची ताकद आहे. खिशात ठेवून कासला न्या. डीएसएलआरने मागचं विरघळवून एकटं फूल उठवायचं, कॉम्पॅक्टने फुलाच्या आतली नक्षी टिपायची.

आणखी जवळ जायचंच असेल तर सगळ्यात सोपं क्लोजअप फिल्टर, लेन्सपुढे लावायचं भिंग. तुमच्या लेन्सचा आटा ५५ मिमीचा, त्यावर बसणारा +४ घेतला तर मोठेपणा ०.३८ वरून अर्ध्याच्या पुढे जातो. ऑटोफोकस चालू राहतो, उजेड कमी होत नाही. एका काचेचा स्वस्त असेल तर कडांना जांभळी-हिरवी झालर येते, एफ ८ वर ती बरीच आटोक्यात राहते. दोन काचा चिकटवलेला मिळाला तर उत्तम.

पुढेमागे ७०-३०० घेतलीत तर त्यावर ५८ मिमीचा +२ लावून बघा. लेन्स अनंतावर असताना फिल्टरपासून अर्ध्या मीटरवर फोकस येतो आणि ३०० एमएमला मोठेपणा ०.६ होतो. वाट न सोडता, फुलापासून हातभर लांब राहून मॅक्रो. कासच्या नियमांत याहून चांगलं बसणारं काही नाही.

एवढ्या जवळून ऑटोफोकस घुटमळला तर फोकस एका जागी ठेवायचा आणि स्वतः श्वास सोडत किंचित पुढे-मागे डुलायचं. सलग चार-पाच फ्रेम घ्या, एखादी बरोबर पट्ट्यात पडते.

कंदी_पेढा

ट्यूबचं कोणी सांगेल, मी पावसाळ्याचं सांगतो, कारण सगळे विसरतात.

एसी चालू ठेवून गाडीतून वर गेलात तर कॅमेरा गार असतो आणि बाहेरची हवा दमट. बाहेर काढताच पुढच्या काचेवर, कधी आतल्या आरशावरही वाफ धरते. पुसू नका, लेन्स काढून बघू तर अजिबात नका, दमट हवा आत शिरेल. यवतेश्वरचा घाट चढायला लागताच एसी बंद, काचा खाली. किंवा कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेला २०-३० मिनिटं द्या, वाफ पिशवीवर धरते.

दाट धुक्यात फोकस पुढे-मागे घुटमळतो कारण धरायला कडाच नसते. जांभ्याची कड किंवा कुंपणाचा खांब अशी एखादी काळी कड शोधून पॉइंट तिथे न्यायचा.

घरी आल्यावर कॅमेरा कापडी बॅगेत ठेवून कपाटात टाकायचा नाही. पावसाळ्यात साताऱ्याच्या घरात त्याला बुरशी धरते, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसायला लागतात, आणि एकदा काचेवरचा थर खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. हवाबंद झाकणाचा मोठा डबा, त्यात दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून परत निळे करता येतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो, तेव्हा स्वयंपाकाची कढई वापरू नका. नारंगीवाले दाणे मिळाले तर ते बरे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, तांदळाचा कोंडा झूमच्या रिंगमध्ये जातो.

लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे, दुसरी लेन्स आधीच झाकण सैल करून हाताशी. धूळ बसली का ते एफ १६ वर, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढून कळतं. ठिपके दिसले तर मेनूतून आरसा वर उचलून रबरी फुग्याने फुंका. तोंडाने नाही, थुंकीचा एक बारीक तुषार धुळीच्या शंभर कणांपेक्षा वाईट.

कृष्णाकाठ_सांगली

ठोसेघरला जाणार असाल तर एवढंच: पाणी दुधासारखं हवं असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, अर्धा सेकंद, २ सेकंदांचा टायमर, आणि व्हीआर बंद. तुमच्या लेन्सवर त्याचं बटण नाही, मेनूत ऑप्टिकल व्हीआर शोधा. आधी ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर १/२५० च्या नादात तो आयएसओ चढवेल आणि धबधबा बर्फासारखा गोठेल. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी आयर्विन पुलाचे फोटो काढणारे निम्मे लोक इथेच अडकतात.

सोनकी_सातारा

सगळं वहीत उतरवून घेतलं. डबा आणि सिलिका आजच आणते. ट्यूबचं तेवढं राहिलं. तो स्वस्त सेट नुसता धातूच्या कड्यांचा आहे, काचही नाही. मग त्यात बिघडण्यासारखं काय असणार?

घाटवळण

काच नसते हे बरोबरच आहे, ट्यूब लेन्सला नुसती सेन्सरपासून लांब नेते. १२ मिमीच्या कड्याने ५५ एमएमला मोठेपणा साधारण ०.२ ने वाढतो. १८ एमएमला मात्र फोकसची जागा लेन्सच्या काचेच्या आतच जाऊन पडते, तेव्हा ती ५५ लाच वापरायची.

बिघडतं ते दुसरीकडे. नुसत्या धातूच्या कड्यातून लेन्सला वीज मिळत नाही. एएफ-पी लेन्सची फोकस रिंग काचेला गिअरने जोडलेली नसते, ती मोटरला हुकूम देते. वीज नाही म्हणजे ऑटोफोकस तर नाहीच, हाताने रिंग गरागरा फिरवली तरी आत काही हलत नाही. त्यावर आणखी एक: या लेन्सला ॲपर्चरची रिंग नाही. बॉडीतला खटका तिचं ॲपर्चर उघडून धरतो. खटका नसलेल्या कड्यावर लावली की स्प्रिंग ते सर्वात लहान करून टाकते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. कॅननवर उलट होतं, ॲपर्चर पूर्ण उघडंच राहतं आणि एफ ५.६ च्या वर जाता येत नाही.

घ्यायची तर थोडी महाग, ऑटोफोकसवाली घ्या. हातात आली की दोन गोष्टी बघायच्या: आतल्या कडेला पिवळे धातूचे ठिपके ओळीने आहेत का, आणि बोटाने ढकलल्यावर सरकून परत येणारा ॲपर्चरचा बारीक खटका आहे का. ठिपके आहेत आणि खटका नाही असेही सेट निकॉनच्या नावाने खपवले जातात, ते परत करा.